गावात टाकी बांधली तर शेअर वाढतो का?

दिवाळीत औशाला मामांकडे गेलो होतो. मामा लातूरला एका आडतीवर मुनीम आहेत, हिशेबात पक्के. फराळाच्या ताटावर त्यांनी विचारलं, "पीएचडीत नेमकं काय करायलास रे तू? तीन वर्षं झाली की." मी म्हटलं, कंपनीत एखादी मोठी घटना घडली किंवा कंपनीनं समाजासाठी काही केलं, तर तिच्या शेअरच्या भावावर काय परिणाम होतो ते मोजतोय. मामांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे कंपनीनं आपल्या गावात पाण्याची टाकी बांधली तर शेअर वाढतो का, एवढंच ना? मग हो का नाही ते सांग."

माझ्या तीनशे पानांच्या आराखड्याचं इतकं नेमकं शीर्षक मला स्वतःला सुचलं नव्हतं. पण एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करूनही मला एका शब्दात उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख. मामा तो वाचतील की नाही माहीत नाही, तुम्ही वाचा.

आधी मोजायचं कसं ते बघू, आणि त्यासाठी मोंढ्यातच जाऊ. समजा काल सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,५०० होता, आज सगळ्या मोंढ्यात ४,३०० झाला. तुमच्या मालाला मात्र ४,००० च मिळाले. नुकसान पाचशेचं, पण त्यातले दोनशे सगळ्यांचेच गेले. उरलेले तीनशे फक्त तुमचे: ओल जास्त असेल, माती-काडी असेल, दाणा डागी असेल. शेअरबाजाराच्या अभ्यासात या तीनशेला 'असामान्य परतावा' म्हणतात. घटना घडली त्या दिवसाच्या आसपास कंपनीचा भाव किती हलला, त्यातून बाजार जितका हलला तितकं वजा करायचं, जे उरेल ते त्या घटनेचं. अर्थात सगळे शेअर बाजाराबरोबर सारखे हलत नाहीत. काही बाजार एक टक्का हलला की दीड टक्का हलतात. त्या शेअरची ही सवय आधीच्या शंभर-दोनशे दिवसांच्या भावांवरून काढून ठेवावी लागते. बाकी कल्पना एवढीच.

ही पद्धत आज ज्या रूपात वापरतात ते १९६९ साली युजीन फामा, लॉरेन्स फिशर, मायकेल जेन्सन आणि रिचर्ड रोल या चौघांच्या लेखातून आलं. त्यांनी न्यूयॉर्कच्या बाजारातली १९२७ ते १९५९ मधली ९४० शेअर-विभाजनं तपासली. विभाजन म्हणजे दहाची नोट मोडून पाचच्या दोन घेणं. खिशात जास्त काही येत नाही, तरी लोक खूश होतात. त्यांना दिसलं की भाव विभाजनाच्या आधीच्या महिन्यांत चढलेला असतो, विभाजनानंतर सरासरीनं काहीच होत नाही. पण ज्या कंपन्यांनी पुढे लाभांश वाढवला नाही, त्यांचा भाव घसरला. म्हणजे बाजाराला नोट मोडण्याशी देणंघेणं नव्हतं. या घटनेवरून पुढच्या पैशाबद्दल काय कळतं, एवढंच तो बघत होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मामांचाच शेअर घेऊ. लातूरला हरंगुळजवळ रेल्वेडब्यांचा कारखाना उभा राहिला तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांनी डीमॅट खाती उघडली. कारखाना उभारण्याचं काम रेल विकास निगमकडे होतं. ही सरकारी कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आली, तेव्हा शेअर १९ रुपयांना दिला होता. डिसेंबर २०२० मध्ये लातूरच्या कारखान्यात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. मार्च २०२३ मध्ये वंदे भारत स्लीपर गाड्यांच्या निविदा उघडल्या आणि रशियाच्या कंपनीबरोबर भागीदारीत निगमची बोली सर्वांत कमी निघाली: गाडीमागे १२० कोटी. १२० गाड्या लातूरला बनणार असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये शेअर सहाशेच्या पार गेला. मामांचं म्हणणं साधं होतं, "आपल्या कारखान्यामुळं वाढला."

मी त्यांना दुसरा आकडा दाखवला. इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन ही रेल्वेला कर्ज पुरवणारी कंपनी. तिचा लातूरशी कसलाही संबंध नाही, ती डबाही बनवत नाही आणि रूळही टाकत नाही. २०२१ च्या जानेवारीत तिचा शेअर २६ रुपयांना निघाला, आणि त्याच जुलै २०२४ मध्ये तो सव्वादोनशेच्या वर होता. रेल्वेवर सरकार प्रचंड खर्च करणार या बातमीवर रेल्वेचे सगळेच शेअर उडाले होते. मोंढ्याच्या भाषेत सांगायचं तर सगळ्याच सोयाबीनला तेजी होती. पुढच्या काही महिन्यांत निगमचा शेअर चारशेच्याही खाली आला, तेव्हा लातूरच्या कारखान्याला काहीच झालं नव्हतं. कारखाना तिथंच होता, शेडही तेच. मामा यावर काही बोलले नाहीत, पण चकली जरा जोरात मोडली.

तर 'घटना' असं दिसतं. आता 'जबाबदारी'कडे वळू, आणि त्यासाठी हैदराबादला जावं लागेल. नांदेड-लातूरच्या माणसाला हे परकं नाही. १९४८ पर्यंत आपण निझामाच्या राज्यात होतो, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आजही नांदेडहून इंजिनिअर झालेल्या मुलापुढे दोनच दिशा असतात, पुणे किंवा हैदराबाद. आणि २००० नंतरच्या दशकात हैदराबाद म्हटलं की सत्यम.

सत्यम कॉम्प्युटर्सची स्थापना १९८७ ची. संस्थापक रामलिंग राजू. कंपनी बाहेरून बघायला नमुनेदार होती. राजू कुटुंबानं वडिलांच्या नावानं बायर्राजू फाउंडेशन काढून आंध्रच्या खेड्यांत पाणी, आरोग्य, शिक्षणाची कामं चालवली. २००५ च्या १५ ऑगस्टला त्यांनीच आपत्कालीन रुग्णवाहिकेची सेवा सुरू केली: १०८. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभारासाठीचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कारही मिळाला.

आता पुढचे तीन आठवडे बघा. माझ्या अभ्यासात यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही.

१६ डिसेंबर २००८ ला संध्याकाळी सत्यमच्या संचालक मंडळानं ठरवलं की मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन बांधकाम कंपन्यांवर १६० कोटी डॉलर खर्च करायचे. मेटास हे नाव सत्यम उलटं लिहून तयार केलेलं, आणि कंपन्या राजूंच्याच घरच्या. सॉफ्टवेअर कंपनीचा पैसा मुलांच्या जमिनीच्या धंद्यात. न्यूयॉर्कमध्ये सत्यमचा शेअर निम्म्याहून जास्त कोसळला आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी मुंबईत भाव तीसेक टक्क्यांनी घसरला. इथं एक गोष्ट बारकाईनं बघा: निर्णय रद्द झाला होता. सत्यमच्या खिशातून एक रुपया गेला नव्हता. तरी भाव परत वर आला नाही, कारण मालक कंपनीच्या पैशाकडे कसं बघतात ते सगळ्यांना कळलं होतं. ९४० विभाजनांत दिसलं तेच इथं उलट्या बाजूनं दिसलं.

७ जानेवारी २००९ ला राजूंचं पत्र आलं. ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक मुळात नव्हतीच. वाघावर बसलो होतो, उतरायचं कसं ते कळत नव्हतं, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. मेटासचा व्यवहार म्हणजे खोट्या रोकडीच्या जागी खऱ्या जमिनी आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता, हेही त्यातूनच कळलं. त्या एका दिवसात शेअर सुमारे ७८ टक्के पडून ४० रुपयांच्या आत बंद झाला. आदल्या वर्षी मे महिन्यात, म्हणजे आठ महिन्यांपूर्वी, तो पाचशेच्या वर होता. सेन्सेक्सही त्या दिवशी ७४९ अंकांनी पडला. गोल्डन पीकॉक परत घेतला गेला. सरकारनं संचालक मंडळ बरखास्त केलं आणि एप्रिलमध्ये लिलावात टेक महिंद्रानं ५८ रुपये भावानं ३१ टक्के हिस्सा घेतला. लार्सन अँड टुब्रोची बोली ४५.९० ची होती. २०१३ मध्ये सत्यम टेक महिंद्रात विलीन झाली, सत्यमच्या १७ शेअरांना टेक महिंद्राचे २. एप्रिल २०१५ मध्ये राजूंना सात वर्षांची शिक्षा झाली.

इथं माझे बरेचसे मित्र एक सोपा निष्कर्ष काढतात: "बघ, समाजसेवा म्हणजे नुसता देखावा." मला ते पटत नाही. देखावा कंपनीच्या हिशेबात होता. १०८ ची गाडी खरी होती, तिच्यातला ऑक्सिजन खरा होता, तिनं दवाखान्यात पोचवलेली माणसं खरी होती. फक्त, त्या चांगुलपणावरून ताळेबंद खरा असेल असा अंदाज बांधणं चूक होतं.

आणि इथंच माझा मूळ प्रश्न उलटा झाला. समाजकार्यानं शेअर वाढतो का, हे सगळे विचारतात. शेअर पडला तर त्या समाजकार्याचं काय होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. गुंतवणूकदाराला पहिला प्रश्न महत्त्वाचा. आमच्यासारख्या ठिकाणाहून बघितलं तर दुसरा.

सत्यम बुडाली तेव्हा १०८ बंद पडली नाही. त्याचं कारण भावनिक नाही, हिशेबी आहे. तोवर या सेवेच्या चालू खर्चाचा बहुतेक भाग राज्य सरकारं उचलत होती, राजूंचा पैसा सुरुवातीला उभारणीत आणि व्यवस्थापनात होता. त्यामुळे त्यांच्या जागी दुसरं कोणी उभं राहू शकलं. २००९ मध्येच जीव्हीके समूहानं ती जबाबदारी घेतली. २०१४ पासून महाराष्ट्रातही १०८ सुरू झाली, इथं ती पुण्याच्या बीव्हीजीनं चालवायला घेतली. कंपनी वेगळी, करार वेगळा, आकडा तोच. आज मुखेडला किंवा निलंग्याला रात्री कोणी अपघातानंतर १०८ फिरवतं तेव्हा, त्या आकड्यामागे एक शेअर कधीतरी पाचशेवरून चाळिसावर आला होता, हे त्याला माहीत असायचं कारण नाही.

बायर्राजू फाउंडेशनच्या मागे मात्र असा सरकारी खांब नव्हता. तिथं पैसा एका घराचा होता, आणि घरच चौकशीत अडकलं.

आता कायदा. मिल्टन फ्रीडमननं १९७० मध्ये ठामपणे लिहून ठेवलं होतं की कंपनीची सामाजिक जबाबदारी एकच, नियमात राहून नफा वाढवणं. भारतानं २०१३ मध्ये त्याच्या अगदी विरुद्ध टोक गाठलं. कंपनी कायद्याचं कलम १३५ असं: ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी काहीही एक असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. आता देशभरात वर्षाला २५,००० कोटींहून जास्त रक्कम यातून खर्च होते.

संशोधकाला हे घबाडच. एरवी समाजकार्य करणाऱ्या आणि न करणाऱ्या कंपन्यांची तुलना करायला गेलं की अडचण येते. श्रीमंत कंपनी दान करते म्हणून श्रीमंत, की श्रीमंत म्हणून दान करते? कायद्यानं मात्र रेघ ओढून दिली. नफा ४.९ कोटी असेल तर सुटलात, ५.१ असेल तर अडकलात. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्या एरवी सारख्याच. हरिओम मंचिराजू आणि शिवराम राजगोपाल यांनी हाच धागा पकडला. विधेयक लोकसभेत संमत झालं डिसेंबर २०१२ मध्ये, राज्यसभेत ऑगस्ट २०१३ मध्ये. अशा टप्प्यांच्या तारखांभोवती त्यांनी भाव तपासले. २०१७ मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष: सक्तीनं खर्च करावा लागणाऱ्या कंपन्यांचा शेअर सरासरीनं ४.१ टक्क्यांनी पडला. पण जाहिरातीवर जास्त खर्च करणाऱ्या कंपन्यांना हा फटका बसला नाही.

बाजारानं हा खर्च कर समजून वाचला, असा मी याचा अर्थ लावतो. आणि ज्यांना नावाचा उपयोग होतो, साबण-बिस्किटं विकायची असतात, त्यांच्याबाबतीत जाहिरात समजून वाचला. दोन्ही वाचनांत टाकी कुठंच नाही.

टाकीचा हिशेब करूनच बघा. कंपनीचं बाजारमूल्य ५०,००० कोटी धरा. असा शेअर कुठल्याही सामान्य दिवशी एक टक्का सहज हलतो, म्हणजे ५०० कोटी. टाकीचा खर्च २० लाख धरला तर रोजच्या चढउतारात अडीच हजार टाक्या येतात-जातात. त्यात आपली एक टाकी शोधणं म्हणजे मोंढ्यातल्या काट्यावर सोयाबीनचा एक दाणा मोजणं. म्हणून मामा, उत्तर 'नाही' असं आहे. खरं तर 'मोजता येत नाही' असं आहे, पण तुम्ही हो का नाही विचारलं होतं.

मोजता न येणाऱ्या गोष्टींची माझी यादी आमच्या भागात आल्यावर फार वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. माझा जन्म नंतरचा, पण आमच्याकडे वय सांगताना 'भूकंपाच्या आधीचा', 'भूकंपानंतरचा' असंच सांगतात. देशाच्या इतिहासातल्या मोठ्या घटनांपैकी ही एक, पण माझ्या पद्धतीला ती दिसत नाही. तिथं ज्वारी होती, दगडामातीची घरं होती, शेअर नव्हता. नांदेडची उस्मानशाही मिल एव्हाना राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली, पुढे तिचा भोंगाही बंद झाला.

आमच्याकडे 'शेअर' शब्दाचा अर्थच वेगळा होता. शेअर म्हणजे साखर कारखान्याचा. आजोबांकडे होता, अजून कपाटात आहे. त्याला रोजचा भाव नसतो. दर्शनी किंमत ठरलेली, विकायचा तर कारखान्याची परवानगी. त्याचा परतावा म्हणजे आपला ऊस वेळेवर तुटणं, उसाचा दर, आणि दिवाळीला सवलतीची साखर. समाजकार्यही होतं: ऊसबिलातून टनामागे कपात व्हायची आणि त्यावर शाळा-कॉलेजं उभी राहायची. हा दोन टक्क्यांचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीचा सीएसआर, फक्त तो भागधारकाला विचारून होतो की न विचारता, हा वेगळा वाद. मराठवाड्यातले कितीतरी सहकारी कारखाने पुढे भाड्यानं गेले, विकले गेले. कंपनी असती तर त्या दिवशी पडद्यावर लाल आकडा दिसला असता. इथं सभासदाला ते उसाला तोड न मिळाल्यावर कळलं.

आता पैशाच्या वाटणीकडे या. कलम १३५ सांगतं की कंपनीनं जिथं ती काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण कंपन्याच पुणे-मुंबईच्या पट्ट्यात असतील तर 'परिसर' कुठला होणार? केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर राज्य-जिल्ह्यानुसार खर्च दिसतो. त्यात 'संपूर्ण भारत' आणि 'उल्लेख नाही' अशाही नोंदी आहेत. पहिल्या मसुद्यात मी त्या सरळ काढून टाकल्या होत्या, डेटा स्वच्छ करायचा म्हणून. माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं, "यातले पैसे कुठे गेले असतील, नांदेडला का ठाण्याला? तू ठरवून टाकलंस?" त्या नोंदी परत आत घेतल्या. प्रकरण तीन पुन्हा लिहितोय.

आणखी एक गाठ नियमांत आहे. २०२१ पासून, कंपनीनं एखादं काम 'चालू प्रकल्प' म्हणून घेतलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून ते जास्तीत जास्त तीन वर्षं चालवता येतं. टाकी तीन वर्षांत बांधून होते, उद्घाटनाचा फोटोही होतो. मोटारीचं वीजबिल मात्र चौथ्या वर्षीही येतं, आणि ते ग्रामपंचायतीच्या नावानं येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा टाक्या बऱ्याच गावांत होत्या, त्यात भरायला पाणी नव्हतं.

हे सगळं मामांना एवढं लांबण लावून सांगितलं नाही. टाकीचा आणि अडीच हजार टाक्यांचा हिशेब तेवढा सांगितला. तो त्यांनी डोक्यातल्या डोक्यात तपासला, बरोबर निघाला.

"मग शेअरच्या भावाकडं बघतोसच कशाला?" ते म्हणाले.

मी म्हटलं, भाव पडला तर पुढच्या तीन वर्षांत कुठली कामं आधी थांबतात ते शोधायचंय. नफ्याची सरासरी तीन वर्षांची असल्यामुळे पैसा लगेच आटत नाही, हळूहळू आटतो. गावाच्या कामाला आधी कात्री लागते की शहरातल्या, हे बघायचंय.

मामांनी मोबाइल काढला, रेल विकास निगमचा भाव बघितला आणि परत खिशात ठेवला. "गावातल्या," ते म्हणाले. "पण तू मोजून सांग."